सहा तलवारींचं सैन्य

“मानसं चौदा अन् छत्र्या चार. इथला साहेब येडा हाय का गा?”

जिन्यावर माझ्या पुढं दोघं चढत होते, त्यांतला एक दुसऱ्याला म्हणाला. वडशातल्या माझ्या नोकरीचा तो पहिला दिवस. बाहेर भाद्रपदातला पाऊस लागून राहिला होता आणि माझ्या हातात माजरीहून निघताना आईनं दिलेली नवी छत्री होती. जिन्याच्या टोकाला एक उंच, मानेत जरासा वाकलेला माणूस उभा होता. त्यानं हात पुढं केला. मला वाटलं, स्वागताला. त्यानं माझी छत्री घेतली, झटकली, दाराशेजारच्या खुंटीला लावली आणि त्या दोघांना सांगितलं, “आता पाच झाल्या.”

ती छत्री माझी म्हणून मला पुन्हा कधी मिळाली नाही. आणि त्या पावसाळ्यात मी एकदाही भिजले नाही.

ते आमचे सर. ऑफिसातले सगळे त्यांना सरच म्हणत. फक्त आमचे मालक, शेठ, त्यांना ‘मास्तर’ म्हणायचे, कारण आधी ते ब्रह्मपुरीला कॉम्प्युटर क्लास चालवत. पण तो त्यांचा दिवसाचा धंदा. दिवाळी झाली की आमच्या पूर्व विदर्भात, झाडीपट्टीतल्या गावोगावी मंडया, म्हणजे जत्रा भरतात आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. त्या हंगामात सर एका नाटक कंपनीचे प्रॉम्प्टर असत. रंगमंचाच्या कडेला संहिता घेऊन बसायचं आणि नटाला पुढचं वाक्य हळूच पुरवायचं. आमच्याकडे आल्यावर त्यांनी ते काम सोडलं होतं, सवय सुटली नव्हती. समोरचा माणूस बोलताना थांबला की सर त्याचं पुढचं वाक्य पुरवत.

मला बोलताना थांबायची सवय. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळं मराठी बोलायच्या आधी मी मनात एकदा तपासून घेते. माझी आई नागभीडची, ती घरी झाडीबोली बोलते, वडील खाणीतल्या लोकांसारखं अर्धं हिंदीत, आणि शाळेत दोन्हींना दंड होता. त्यामुळं माझं वाक्य निघेपर्यंत जरा वेळ लागतो. सरांसाठी तेवढा वेळ पुरे होता.

“सर, मला उद्या...”

“सुट्टी पायजे.”

“नाही, उद्या सकाळी गाडी...”

“लेट हाय. ब्रह्मपुरीचीच नं तू? चालते, चालते.”

मला म्हणायचं होतं की उद्या मी लवकरच्या गाडीनं येईन, तर ऑफिसची किल्ली कोणाकडे मिळेल. दुसऱ्या दिवशी मी खरोखर उशिरा गेले. सरांनी लिहिलेला संवाद मोडायची हिंमत नव्हती.

ब्रह्मपुरीला मी मावशीकडं राहत होते. तिला हे सांगितलं तर ती पोट धरून हसली. “काऊन वं, तुले तोंड नाई का? बोलून टाकाचं नं एकदम!” तिला काय, ती भाजीवाल्याशी भांडतानासुद्धा श्वास घेत नाही.

मग मी चॅटवर लिहायला लागले. माझं टेबल सरांच्या टेबलाला लागून होतं, हात लांब केला तर त्यांचा पाण्याचा ग्लास हाती यावा इतकं जवळ. तरी मी टाइप करायची. त्यांच्या फोनवर टिंग वाजायचं. ते फोनकडे न बघता म्हणायचे, “बोल.”

लिहिलेलं वाचणं त्यांनी सोडून दिलं होतं. “आयुष्यभर दुसऱ्याचं लिवलेलं वाचून दाखवलं मी,” ते म्हणत, “आता लोकायनं मले वाचून दाखवाव.” सर्व्हरवरून चूक आली तरी जो कोणी समोर असेल त्याला ती मोठ्यानं वाचायला लावत, डोळे मिटून ऐकत आणि मधेच हात वर करून म्हणत, “थांब. इथी खोटं बोलून राह्यला तो.” तो म्हणजे सर्व्हर.

आता आमचं काम काय होतं ते सांगते. वडशात नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत, रस्त्याच्या दोन्ही अंगांना, मोठमोठ्या फलकांची. गावातली मंडळं तिथं येऊन आपल्या मंडईसाठी नाटकाची तारीख ठरवतात. आमच्या शेठचा मंडप, लाइट आणि साउंडचा व्यवसाय. त्यांच्या डोक्यात आलं की सगळ्या कंपन्यांच्या तारखा एका ॲपवर आणाव्या. कोणती कंपनी कोणत्या दिवशी मोकळी आहे ते मंडळानं फोनवर बघावं आणि तिथंच बुक करावं. कंपन्यांचे निर्माते नाखुशीनं तयार झाले. एका हंगामापुरते. बुकिंगच्या पहिल्या दिवशी काही बिघडलं तर ते आपापली शटरं उघडून पुन्हा तोंडी तारखा देणार होते, शेठ ॲप बंद करणार होते, आणि सर, ज्यांनी या ॲपच्या भरवशावर आपली कंपनी सोडली होती, ते कुठलेच राहणार नव्हते. त्यांची प्रॉम्प्टरची जागा एव्हाना दुसऱ्याला मिळाली होती. हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं, आणि सर ते रोज एकदा हसत हसत सांगतही असत.

ॲपच्या मागं डेटाबेस असतो, तिथं तारखा राहतात. फोनवरून कोणी काही विचारलं की ॲपला डेटाबेसपर्यंत एक लाइन उघडावी लागते. कनेक्शन. शेठनं सुरुवातीला एका लांबच्या कंपनीकडून जे करून घेतलं होतं त्यात प्रत्येक माणसागणिक नवी लाइन उघडत होती. शंभर माणसं आली की शंभर लाइनी, आणि प्रत्येक उघडी लाइन काम करो न करो, सर्व्हरची मेमरी खात बसणार. सर आले त्या दिवशी त्यांनी हे पाहिलं आणि खुर्चीत मागं रेलून म्हणाले, “एकेका शिपायाले एकेक तलवार! मंग पेटी उचलन कोन?”

मी नवीन होते तेव्हा त्यांनी हे मला समजावलं ते ऑफिसच्या मधोमध, सगळ्यांना उठवून. त्यांच्या कंपनीच्या सामानाच्या पेटीत तलवारी सहा होत्या. युद्धाचा प्रवेश मोठा. मग काय करायचं? एक शिपाई डावीकडून तलवार घेऊन येणार, लढणार, मरणार किंवा पळणार, पण उजवीकडं विंगेत गेला की आधी तलवार सरांच्या हातात देणार. सर ती पडद्यामागून डावीकडं पाठवणार. तिथं पुढचा शिपाई तयार. “बघनाऱ्याले वाटाव का सैन्य संपतच नाई. अन् तलवारी किती? सहा!”

त्यांनी खरोखर आमच्या हातात सहा फूटपट्ट्या दिल्या आणि आम्हाला दोन दारांतून पळवलं. हिशेब बघणारे काका दम लागून मधेच खाली बसले, तर सर ओरडले, “मेले तरी चालन, काका, तलवार द्या पयले!” तेवढ्यात बँकेचा एक साहेब दारात आला, उभा राहिला, आणि आल्या पावली परत गेला.

खरं सांगायचं तर कॉलेजात कनेक्शनची देवाणघेवाण मी इंग्रजी पुस्तकातून दोन वेळा वाचली होती. समजली मात्र त्या दिवशी, फूटपट्टी घेऊन पळताना.

त्यांनी तेच केलं. मोजक्या लाइनी कायम उघड्या ठेवल्या. ज्याला काम असेल त्याला एक मिळणार, काम झालं की ती लगेच परत, पुढच्याला. थोडा वेळ थांबावं लागलं तर माणूस रांगेत थांबणार, पण सर्व्हरचा श्वास चालू राहणार. आणि हे त्यांच्या इतकं अंगात भिनलं होतं की ते फक्त सर्व्हरपुरतं राहिलं नव्हतं. छत्र्यांचं मी सांगितलंच. हेल्मेटही तसंच. फोन आला की ते ‘हॅलो’ म्हणत नसत, “काम बोला” म्हणत, आणि काम बोलून झालं की समोरचा निरोप घेत असतानाच फोन बंद. त्यांच्या बायकोनं एकदा ऑफिसच्या फोनवर मला सांगितलं, “त्यायले सांग मा, तेल संपलं, अन् अजून एक गोष्ट होती, पन ते माहं आयकून नाई घेत.” मी सरांना सांगायला गेले. “सर, मॅडमचा फोन होता, तेल...” “संपलं. समजलं.” दुसरी गोष्ट काय होती ते आजतागायत कोणाला कळलेलं नाही.

आमच्यातल्या एकाचं लग्न आरमोरीला होतं. सर पहिल्या पंगतीला बसले, भराभर जेवले, उठले, हात धुतले, आणि परत येऊन नवऱ्या मुलाच्या मामांच्या पाठीमागं उभे राहिले. पंगतीत जागेसाठी माणसं मागं उभी राहतातच. पण सरांचं जेवण झालं होतं. ते पुढच्या माणसासाठी जागा मोकळी करून घ्यायला उभे होते. मामांचं पान रिकामं झालं होतं आणि ते शेजाऱ्याशी कोळशाच्या ट्रकांबद्दल बोलत होते. सर खाली वाकून अगदी नम्रपणे म्हणाले, “मामाजी, तुमी जेवून राह्यले का बसून राह्यले?”

भांडण झालं नाही. मामा ट्रक अर्ध्यावर सोडून उठले.

असा माणूस. घेतलं, काम झालं, परत. आणि याच माणसानं आपल्या हातानं एक सूट ठेवली होती.

आमच्याकडे कोणतंही मंडळ एका दमात ‘हो’ म्हणत नाही. दोघं-तिघं वडशाला येतात, कंपनी बघतात, तारीख बघतात, हिरोईन कोण आहे ते विचारतात, आणि मग म्हणतात, “गावात इचारून सांगतो.” गावात म्हणजे पाटलांना, मंडळाच्या अध्यक्षाला, मंदिराच्या पाराला, बुद्धविहारासमोर बसलेल्या म्हाताऱ्यांना. शेजारच्या गावची मंडई त्याच दिवशी नाही ना, हेही तपासायचं असतं. तोवर ती तारीख दुसऱ्याला द्यायची नाही, हा शब्द. सरांनी प्रॉम्प्टर असताना एकदा हा शब्द मोडलेला पाहिला होता. निर्मात्यानं थांबलेल्या गावाची तारीख दुसऱ्या गावाला दिली आणि पहिल्या गावानं पुढं त्या कंपनीची गाडी आपल्या रस्त्यानं जाऊ दिली नाही.

म्हणून सरांनी ॲपमध्ये तशी सोय केली. मंडळानं तारखेवर बोट ठेवलं की ती त्याची. गाव हो किंवा नाही म्हणेपर्यंत कोणी हात लावणार नाही. शेठ खूष झाले. निर्मात्यांनाही ते पटलं. पुण्यामुंबईच्या ॲपला हे सुचलं नसतं म्हणाले.

पण ते त्यांनी केलं कसं, ते मी कोड वाचताना पाहिलं. तारखेवर बोट ठेवलं की डेटाबेसमध्ये एक व्यवहार, म्हणजे ट्रान्झॅक्शन, उघडायचा, तारीख धरून ठेवायची, आणि गावाचं उत्तर येईपर्यंत तो व्यवहार उघडाच. म्हणजे लाइन त्या मंडळाच्या हातात. काम काही नाही, पण परतही नाही. आम्ही ऑफिसात सराव केला तेव्हा काहीच झालं नाही, कारण सरावात गाव आम्हीच होतो आणि लगेच ‘हो’ म्हणत होतो.

मी चॅटवर लिहिलं. व्यवस्थित, मुद्देसूद, इंग्रजीत. टिंग वाजलं.

“बोल,” सर म्हणाले.

“सर, ते होल्डचं जे आहे, त्यात...”

“मजा आली नं? मलेबी आली.” आणि ते चहा सांगायला निघून गेले.

दसऱ्यानंतर बुकिंग उघडलं. ॲप होतं, घरबसल्या बुक करता येत होतं, तरी सगळी मंडळं वडशाला आली. नाटकाची तारीख घ्यायची आणि वडशाला जायचं नाही, हे कोणाच्या मनाला पटत नव्हतं. सिंदेवाहीकडचे, चिमूरकडचे, कुरखेड्याच्या जंगलातून जीप करून आलेले. आमच्या खिडकीखाली, समोरच्या चहाच्या टपरीवर, रसवंतीच्या बाकांवर, जिथं सावली तिथं ते बसले आणि तिथं बसून फोनवर बुकिंग करू लागले. वर आमच्या हॉलमध्ये निर्माते खुर्च्या टाकून बसले होते. भिंतीवर मोठा पडदा होता, त्यावर तारखा भरत जाणार होत्या.

सुरुवातीला भरल्या. मग पडद्यावर गोल गोल फिरणारं चक्र आलं आणि ते फिरतच राहिलं.

“काय झालं, मास्तर?” शेठ म्हणाले.

“गर्दी हाय. सरकन.”

सरकली नाही. खालून एक जण ओरडला, “ओ भाऊ, चालू करा नं! आमी काय चक्री पाहाले आलो का?” एक दांडगे निर्माते, ज्यांच्या कंपनीची तीन नाटकं एकाच वेळी चालतात, ते रुमालानं मान पुसत म्हणाले, “शेठ, बारा वाजेपर्यंत पाहू. मंग आमी आपले शटर उघडतो. आमचा तोंडी कारभार बरा होता.”

बाकीच्यांनी माना हलवल्या. सर हसले, पण त्यांचं हसणं एका बाजूला राहिलं.

“लाइनी वाढवा,” शेठ म्हणाले. “शंभर असन त हजार करा. मी म्हनतो ना.”

“शेठ, तलवारी वाढवून...”

“मास्तर, तलवारी नका सांगू मले आज!”

सरांनी वाढवल्या. त्यांनी ते केलं तेव्हा त्यांच्या बोटांकडं मी बघत होते. इतक्या नाखुशीनं कोणी काही टाइप केलेलं मी पाहिलं नाही. चक्र थांबलं, तारखा हलल्या, हॉलमध्ये कोणीतरी टाळी वाजवली. आणि मग नव्या लाइनीही भरल्या, आता मेमरीही संपत आली, आणि पडदा पहिल्यापेक्षा वाईट अडकला. जे आत होते तेही हलेनात.

“वाच,” सर मला म्हणाले. डोळे मिटलेले. “काय करून राह्यल्या लाइनी, वाच.”

मी स्क्रीनवर सगळ्या लाइनींची यादी आणली. वाचायला तोंड उघडलं आणि थांबले. जवळजवळ सगळ्यांसमोर एकच गोष्ट होती. व्यवहार उघडा, काम काही नाही. सर्व्हर दमलेला नव्हताच. सर्व्हर रिकामा बसला होता आणि त्याच्यापर्यंत कोणी पोचू शकत नव्हतं.

मी खिडकीतून खाली पाहिलं. ज्या मंडळांची नावं माझ्यासमोर होती तीच माणसं खाली होती. एक जण टपरीच्या खांबाला टेकून फोनवर कोणाला तरी विचारत होता, त्या कोणालातरी ऐकू कमी येत असावं. दुसरे दोघं भाऊ वाटत होते, त्यांच्या गावात पाटील शेतावर गेले होते, आणि ते त्यांची वाट बघत उसाचा रस पीत होते. चार जण समोरच्या हॉटेलात थाळ्या घेऊन जेवायला बसले होते, फोन मधोमध ठेवून. सगळ्यांनी तारखेवर बोट ठेवलं होतं, सगळे गावात विचारत होते, आणि एकाचीही काही चूक नव्हती.

“वाच न,” सर म्हणाले. मी थांबले होते, म्हणून त्यांनीच पुढचं पुरवलं. “लोड हाय. रेंजचा घोटाळा हाय. नाई? व्हायरस?”

मी मान हलवली. त्यांचे डोळे मिटलेले होते, त्यांना दिसणार कसं? मग हात चॅटकडं गेला, तीन शब्द टाइप झाले, आणि लक्षात आलं की आज टिंग वाजलं तरी या गोंधळात कोणाच्या कानावर जाणार नाही. दांडगे निर्माते उठून चपला शोधत होते. शेठ सरांकडं बघत नव्हते, हे त्यांनी सरांवर ओरडण्यापेक्षा वाईट होतं. सर डोळे उघडून भिंतीवरच्या चक्राकडं बघत बसले होते, आणि त्यांच्याकडं पुरवायला वाक्य उरलेलं नव्हतं.

नंतर काय झालं ते वडशात कोणीही सांगेल. होल्डची तारीख आता मंडळाच्या नावानं नुसती नोंदली जाते आणि लाइन त्याच क्षणी परत येते. तो बदल करायला आम्हाला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नाही. निर्माते चपला काढून पुन्हा बसले. जेवणाच्या वेळेला पडदा तारखांनी भरला होता, आणि ज्या गावाच्या पाटलांना शेतावरून यायला संध्याकाळ झाली त्यांचीही तारीख त्यांचीच राहिली. सर दोन हंगाम आमच्याकडे होते. मग त्यांच्या कंपनीचा नवा प्रॉम्प्टर नटांच्या आधी स्वतःच हसायला लागतो अशी तक्रार आली आणि ते परत गेले. शेठनं फोनवर हातापाया पडून थांबवायला पाहिलं, पण सरांनी म्हणे काम बोलून झाल्यावर फोन ठेवून दिला.

पण हे सगळं नंतरचं. त्याआधी मी उठले. खुर्ची मागं सरकली आणि तिचा आवाज फार मोठा झाला, हॉलमधली सगळी तोंडं माझ्याकडं वळली. मनात वाक्य इंग्रजीत तयार होतं, मग शाळेतल्या मराठीत तयार झालं, आणि तोंडातून निघालं ते आईचं.

“सर, खाली मानसं गावात इचारून राह्यली. इचारू द्या त्यायले. तारीख त्यायच्या नावानं लिहून ठेवू, कोनाले देनार नाई आपन. पन लाइन काऊन धरून ठेवली त्यायच्यासाठी? ते जेवून राह्यले, सर. लाइन सोडा.”